लीड्समध्ये चार वाजता अंधार पडतो. पुढे काय करायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सप्टेंबरात लीड्सला आले. फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्या बर्ली भागात एक खोली घेऊन राहते. सुट्टी मंगळवार-बुधवार. म्हणजे शनिवारी-रविवारी जग मजा करतं तेव्हा मी वॉर्डात कुणालातरी वॉकर धरून चालवत असते.

ऑक्टोबरपर्यंत बरं चाललं होतं. मग घड्याळं तासभर मागे गेली आणि सगळं बिनसलं. आता चार वाजता दिवे लावावे लागतात. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठायचं, धुणं लावायचं, घरी फोन करायचा, तोवर बाहेर मिट्ट काळोख. पुढे पांघरूण आणि मोबाइल.

कामावरचे लोक चांगले आहेत, बोलावतात, पण बोलावणं नेहमी पबचं. मी पीत नाही. पिणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण मागच्या शुक्रवारी एका बारमध्ये तीन तास लिंबू-सोडा हातात धरून उभी होते, आणि गोंगाटात कुणाचं एक अक्षर कळत नव्हतं. नुसती मान हलवत होते. एका मुलाने बहुतेक त्याचा कुत्रा गेल्याचं सांगितलं. मी हसून 'लव्हली' म्हणाले. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपूनच बोलतो.

गावाकडे असताना नाटकाचं वेड होतं, कॉलेजात एकांकिका केल्या. सिनेमा कुठलाही चालतो. चित्रांतलं कळत नाही, पण बघायला आवडतं. महिन्याला पन्नास-साठ पौंडांच्या वर उडवायचे नाहीत. एकटीच जाणार आहे, रात्री परतायची थोडी धास्ती आहे. काय बघू, कुठे जाऊ? 'गूगल कर' म्हणू नका, केलंय.

तिरकस आंबा

लीड्सला दोन वर्षं काढली. शुक्रवारी गाव बाटलीत असतं आणि शनिवारी सकाळी त्या बाटल्या फुटपाथवर. कला वगैरे हवी असेल तर लंडनचं तिकीट काढा, आधी काढलं तर स्वस्त पडतं. बाकी हॉटस्टार आहेच.

पिटातला

वरच्या आंब्याने दोन वर्षं कुठे काढली हे त्याचं त्याला ठाऊक. मी २००८ पासून इथे आहे.

आधी ओळख. मूळचा मिरजेचा. राज्य नाट्य स्पर्धेत अकरा वर्षं प्रकाशयोजना केली. म्हणजे डिमरच्या, दिवे कमी-जास्त करायच्या पेटीमागे बसून दुसऱ्यांची नाटकं उजेडात आणली आणि स्वतः अंधारात राहिलो. आता एका ऑफिसात हिशेब बघतो, पण डोळे गेले नाहीत, कुठेही गेलो की आधी दिवे बघतो. तू वयाने लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करतोय. चालत नसेल तर सांग.

तर चार वाजताचा काळोख. त्याच्यावर चिडू नकोस. नाटकवाल्याला अंधार म्हणजे भांडवल, तो केल्याशिवाय पहिला स्पॉट टाकता येत नाही. या गावात अंधार सरकारी खर्चाने होतो आणि तोही मॅटिनीच्या वेळेला.

मंगळवारी तीनच्या सुमाराला हेडरो नावाच्या रस्त्यावरच्या लीड्स आर्ट गॅलरीत जा. १८८८ सालची इमारत, प्रवेश फुकट. सोमवारी बंद असते, पण तुझ्या सुट्टीशी त्याचं भांडण नाही. आत शिरल्यावर दारातल्या माणसाला विचार, ग्रिमशॉचं सध्या काय लावलंय? भिंतीवरची चित्रं बदलत असतात, पण त्याची चित्रं इथल्या संग्रहात आहेत. जॉन ॲटकिन्सन ग्रिमशॉ, १८३६ साली लीड्समध्येच जन्मला. आधी रेल्वेत कारकून होता, ती नोकरी सोडून चित्रकार झाला, आणि आयुष्यभर काय काढलं? रात्र. चंद्र, ओला रस्ता, गॅसचे दिवे, दुकानाच्या काचेतून बाहेर सांडलेला पिवळा उजेड. गाडीच्या चाकांनी चिखलात पडलेल्या चाकोऱ्यांत तेवढ्या दोन रेघा चमकतात. आणि बऱ्याच चित्रांत एकटीच बाई, पाठमोरी, हातात टोपली, कुठेतरी निघालेली. तुझ्या प्रश्नातल्या बाईसारखीच, फक्त मोबाइल नाही.

समोरून बघून झालं की जरा तिरकं उभं राहून बघ. पिवळा कुठून सुरू होतो आणि हिरवट कुठे होतो ते दिसतं. मला हे स्पर्धेच्या वयात बघायला मिळालं असतं तर एक-दोन बक्षिसं जास्त मिळाली असती.

मग गॅलरीच्या बाजूलाच टाइल्ड हॉल म्हणून कॅफे आहे, तिथे चहा घे. ही मूळची सार्वजनिक वाचनालयाची खोली. छताच्या कमानी आणि भिंती रंगीत टाइल्सने मढवलेल्या. मधली काही दशकं हे सगळं खोट्या छताआड झाकलेलं होतं. नंतर कुणालातरी बुद्धी झाली आणि उघडलं. चहा ठीकच. माझ्यासाठी चहा म्हणजे उकळलेला, त्यामुळे या बाबतीत माझं मत धरू नकोस.

पाचला गॅलरी बंद होते. बाहेर पड आणि इकडेतिकडे न रेंगाळता पार्क रोवर ये. ग्रिमशॉने हाच रस्ता काढलाय. पाऊस पडून गेलेला असेलच. बसच्या दिव्यांचा उजेड फरशांवर पसरलेला दिसेल, तेवढ्यासाठी दोन मिनिटं थांब. लोक धक्के देतील आणि वर 'सॉरी, लव्ह' म्हणतील.

आता सिनेमा. तू बर्लीत राहतेस आणि हायड पार्क पिक्चर हाउसला अजून गेली नाहीस, याला काय म्हणावं? चालत जाण्याइतकं आहे. ब्रुडनेल रोडच्या कोपऱ्यावर, लाल विटांच्या पाठीला पाठ लावलेल्या घरांच्या रांगांत, गल्लीत आडव्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतात तिथे. ७ नोव्हेंबर १९१४ रोजी उघडलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला मे १९१३ मध्ये, म्हणजे त्यानंतर दीड वर्षाने. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं आणि हे लोक 'लीड्समधलं सर्वांत उबदार थिएटर' अशी जाहिरात करत होते.

इथे आजही गॅसचे दिवे आहेत. शोभेचे नव्हेत, पेटणारे. भिंतीवर छोटे छोटे, आणि सिनेमा चालू असताना ते मंद जळत राहतात. मूळ हेतू असा की पूर्ण अंधार झाला तर प्रेक्षक, विशेषतः जोडपी, अंधाराचा फायदा घेतील. म्हणून लाजेकाजेपुरता उजेड! आता जगात असे गॅसचे दिवे टिकवलेलं दुसरं सिनेमागृह नाही असं सांगतात. २०२० पासून दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२३ च्या जूनअखेर पुन्हा उघडलं, आणि तळघरात दुसरा छोटा पडदाही केला. तिकीट काढताना लक्ष ठेव: पडदा एक नंबरचा, जागा बाल्कनीत. तळघरात गेलीस तर सिनेमा दिसेल, दिवे नाही दिसणार.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुठला तरी इराणी सिनेमा होता. गोष्ट विचारशील तर सांगता येणार नाही. मी दिवेच बघत बसलो. अकरा वर्षं मी दिव्यापुढे ॲम्बर जिलेटिन, म्हणजे पिवळसर रंगीत कागद, दुहेरी लावून, डिमर तीनवर ठेवून कंदिलाचा उजेड आणायचा प्रयत्न केला आणि परीक्षक म्हणायचे 'पिवळट वाटतं'. इथे तो उजेड खराखुरा भिंतीवर होता, आणि खरंच पिवळट होता. परीक्षकांना पत्र लिहावंसं वाटलं.

एवढं मंगळवारचं. जाऊन ये, मग पुढचं.

दोन पोरांची आई

पिटातला यांनी छान लिहिलंय, पण परत कसं यायचं ते पुरुष कधी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

रात्री टॅक्सी दोन प्रकारच्या. काळ्या-पांढऱ्या असतात त्या हॅकनी, त्यांना रस्त्यात हात केला किंवा स्टँडवर बसलीस तरी चालतं. बाकीच्या प्रायव्हेट हायर, त्या आधी बुक केल्याशिवाय कधीही बसू नकोस. बारबाहेर कुणी 'टॅक्सी, लव्ह?' विचारत गाडी थांबवेल. प्रायव्हेट हायरला असं रस्त्यावरून गिऱ्हाईक घ्यायची परवानगीच नाही, आणि बुकिंग नसेल तर विमाही लागू होत नाही. बसमध्ये खाली ड्रायव्हरजवळ बस, उतरताना 'थँक्स' म्हण. सगळे म्हणतात. नाही म्हटलं तर तुलाच चुकल्यासारखं होईल.

शनिवारी दुपारी हेडिंग्लीकडून येत असशील आणि रस्त्यावर केळी, नन आणि रोमन सैनिक दिसले तर घाबरू नकोस. ती ओटली रन. फार हेडिंग्लीपासून गावापर्यंत वेष करून एकेक पब घेत येतात. दुपारी तीनपर्यंत बघायला मजा, सहानंतर पलीकडच्या फुटपाथने चाल.

हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्समध्ये लागतात, ब्रॅडफर्डला जास्त. आणि ब्रॅडफर्डला जाणारच असशील तर पिक्चरव्हिल नावाचं थिएटर बघ, सायन्स अँड मीडिया म्युझियममध्ये आहे. तिथे सिनेरामा दाखवायची सोय आहे, तीन प्रोजेक्टर एकाच वेळी, वाकलेल्या पडद्यावर. जगात अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या. युनेस्कोने २००९ मध्ये ब्रॅडफर्डला 'सिनेमाचं शहर' ठरवलं, असं शहर जगात पहिलंच. माझा नवरा हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो, म्हणून पाठ झालंय.

त्याच बाजूला सॉल्टेअर. लीड्सहून लोकलने पंधरा-वीस मिनिटं. १८५३ सालची कापडगिरणी, आता तिथे डेव्हिड हॉकनीची चित्रं, प्रवेश फुकट. हॉकनी ब्रॅडफर्डचाच. आत शिरलं की पुस्तकं, रंगाच्या नळ्या आणि लिलीच्या फुलांचा असा एक वास येतो. माझी धाकटी त्याला 'चित्राचा वास' म्हणते.

हायड पार्कचा भाडेकरू

मी विद्यार्थी आहे, म्हणून तरुणांची बाजू. नाइटलाइफ म्हणजे कॉल लेन, तिथून पुढे मेरियन स्ट्रीट. गुरुवारनंतर गर्दी. मंगळवारी शांत असतं, म्हणजे तुझ्यासाठी उलट चांगलं. बेलग्रेव्ह म्युझिक हॉलला गच्ची आहे, पिझ्झाचे तुकडे मिळतात, हातात बाटली नसली तरी कुणी बघत नाही. कोक घ्यायचा आणि त्यात लिंबाची फोड टाकायला सांगायची. कुणी विचारत नाही की आत काय आहे. मी दोन वर्षं हेच करतोय, घरी सांगू नका.

कृष्णाकाठची

बाप रे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. पिटातलादादा (काका म्हणत नाही, धोका वाटतो), अगं-तुगं चालेल. दोन शंका. एक, गाण्याच्या कार्यक्रमाला एकटीने जाणं विचित्र दिसतं का? सिनेमात निदान अंधार असतो. दुसरं, ऑपेराचं तिकीट मला परवडेल का आणि कळेल का? न्यू ब्रिगेटवरून चालत जाते तेव्हा ग्रँड थिएटर रोज बघते आणि कपड्यांचा विचार करून मान वळवते.

पिटातला

काका म्हणालीस तरी चाललं असतं. पण दादा बरं आहे.

आधी एकटीचं. मी गेली सोळा-सतरा वर्षं निम्म्याहून जास्त कार्यक्रम एकट्याने बघितलेत. बायकोला प्रकाशयोजनेवर कुजबुजणारा माणूस शेजारी नको असतो. या गावात एकटं बसलेल्याकडे कुणी बघत नाही, आणि बघितलं तर हवापाण्यावर बोलतात. ते टाळायचं असेल तर हातात पुस्तक ठेव. पुस्तक असेल तर पुस्तकाबद्दल विचारतात, एवढाच फरक.

तुझ्या घराजवळच ब्रुडनेल सोशल क्लब आहे. नावावर जाऊ नकोस, सदस्य वगैरे व्हावं लागत नाही. १९१३ साली कामगारांचा क्लब म्हणून निघाला आणि दिसतो अजून तसाच: बुटकं छप्पर, बिलियर्ड्सची टेबलं, कोपऱ्यात म्हातारे. पण मोठमोठे बँड इथे येऊन वाजवून जातात, कारण आवाज चांगला आहे आणि स्टेज इतकं जवळ की गिटारवाल्याचे बूट पुसलेत का ते कळतं. कार्यक्रम साधारण साडेसात-आठला सुरू आणि अकराच्या आत आटोपतो. आठवड्याच्या मधल्या वारी नवशिक्यांचे बँड असतात, तिकीट सिनेमाच्या आसपास. कानात घालायचे बोळे ने, आवाज फार असतो. बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहा. मध्ये उड्या मारतात.

गाण्यावरून आठवलं, लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे कँटीनमध्ये, १४ फेब्रुवारी १९७० ला 'द हू' हे रॉक बँडवाले वाजवून गेले, त्याचं ध्वनिमुद्रण जगभर गाजलं. आता त्या भिंतीवर त्याच्या आठवणीची निळी पाटी आहे. विद्यार्थी तिच्याखाली बटाटे खातात.

आता ग्रँड. १८७८ सालचं थिएटर, आणि ऑपेरा नॉर्थ या कंपनीने पहिला प्रयोग इथे केला १९७८ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. कपड्यांची काळजी सोड. खाली पुढच्या रांगांत थोडे नटलेले असतात. वर बाल्कनीत लोक सायकलची हेल्मेटं मांडीवर घेऊन बसतात. तू वरच बसणार आहेस. जिने पुष्कळ आहेत, तुझ्या पेशंटांना सुचवू नकोस. चढ इतका तीव्र की समोरच्याचं डोकं तुझ्या बुटाशी येतं, म्हणजे अडथळा शून्य. तीस वर्षांखालच्यांसाठी स्वस्त तिकिटं असतात. पुरावा ने.

कळण्याचं म्हणशील तर शब्द वर पट्टीवर इंग्रजीत दिसतात. पण तू पट्टी फार बघू नकोस. पहिला अंक संपेपर्यंत कोण कुणावर रुसलंय ते आपोआप कळतं. संगीत नाटकाची सवय असलेल्या माणसाला ऑपेरा अवघड जात नाही. गोष्ट थांबवून गाणं म्हणायला आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

एक सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच ग्रँडमध्ये 'ऑर्फियस' बघितलं. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीचा १६०७ चा ऑपेरा, पण नव्याने बांधलेला. ऑपेरा नॉर्थ आणि इथलीच साउथ एशियन आर्ट्स यूके ही संस्था यांनी मिळून. संगीताची बाजू दोघांकडे, त्यातला एक जसदीप सिंग देगुण, लीड्सचा सतारिया. रंगमंचावर काय होतं? लीड्समधल्या विटांच्या घराचं परसदार, आणि तिथे लग्न. एका बाजूला व्हायोलिनं आणि हार्प्सिकॉर्ड, दुसऱ्या बाजूला सतार, तबला, सारंगी. इटालियनबरोबर आपल्याकडच्या भाषा. मी बाल्कनीत होतो. माझ्या शेजारी एक गोरे आजोबा, हातात गोळ्यांची पुडी. तबल्याने पहिली तिहाई घेऊन समेवर आणलं तेव्हा माझ्या तोंडून 'वा' निघून गेला. मोठ्याने. ग्रँडमध्ये चालू अंकात कुणी बोलत नाही. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मी मेल्यासारखा झालो. आजोबांनी काही न बोलता पुडी पुढे केली. पेपरमिंट होतं. पुढच्या समेला त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू विचारत होते, आता? मी मान हलवली. मग उरलेला अंक आम्ही दोघं मान हलवत होतो.

ग्रँडला लागूनच हॉवर्ड असेंब्ली रूम आहे, छोटी. ही मध्ये काही दशकं सिनेमाघर होती. तिथे जगभरचं संगीत होतं, आपलं शास्त्रीयही. तारखांवर नजर ठेव.

डिसेंबरात सिटी व्हरायटीजला पँटोमाइम चुकवू नकोस. १८६५ सालचं म्युझिक हॉल, स्वान स्ट्रीटच्या बोळात, पहिल्यांदा सापडतच नाही. आत अरुंद, लांबुळकं, लालेलाल. चॅप्लिन पोरगा असताना इथे नाचून गेलाय. पँटो म्हणजे मूक अभिनय समजून मी गेलो आणि दोन तास कान बंद करून घ्यायची वेळ आली. प्रेक्षक ओरडतात, आणि ओरडावंच लागतं. डेम नावाचं पात्र असतं, पुरुषाने केलेली बाई, भडक झगा, प्रेक्षकांतल्या एखाद्या बापड्याला धरून त्याची फिरकी घेणारी. मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, ही तर आपल्या गौळणीतली मावशी! तोच चावटपणा, तीच नाकात बोलण्याची ढब. इथले नट स्वतःच गिटार, ड्रम वाजवतात. फक्त पोरांच्या रांगेत बसू नकोस, मिठाया अंगावर येतात.

सिनेमावेडी आहेस म्हणून जाता जाता. लीड्स ब्रिजवर एक निळी पाटी आहे. लुई ल प्रँस नावाच्या फ्रेंच माणसाने १८८८ मध्ये तिथल्या खिडकीतून पुलावरची रहदारी टिपली, आणि त्याच ऑक्टोबरात राउंडहेच्या बागेत घरच्या माणसांना फेऱ्या मारायला लावून त्यांनाही टिपलं. दोन्ही तुकडे दोन-अडीच सेकंदांचे. ज्यांना सिनेमाचे जनक मानतात त्या ल्युमिए बंधूंच्या सात वर्षं आधी! आणि १८९० मध्ये हा माणूस दिजाँला पॅरिसच्या गाडीत बसला तो उतरलाच नाही. सामानही सापडलं नाही. पूल अगदी साधा आहे, बघण्यासारखं काही नाही. तरी मी पाहुण्यांना नेतो आणि अडीच सेकंद गप्प उभं करतो.

नाइटक्लबचं तो 'हायड पार्कचा भाडेकरू' सांगतोच आहे. मी एकदाच गेलो, कामावरच्या एकाचा निरोप समारंभ होता. क्लबचं नाव नको. दारातल्या पहिलवानाने ओळखपत्र मागितलं. वय पस्तीस, कानशिलं पांढरी. मी भारतातलं लायसन्स दाखवलं, त्याने ते उलटं-सुलटं करून परत दिलं. बाकी सगळे आत, मी पावसात. समोरच्या दुकानात चिप्सवर करी सॉस घालून खाल्ले. त्या सॉसमध्ये करी नव्हती, पण गरम होता. तेव्हा पासपोर्ट खिशात घालून हिंडण्यापेक्षा इथलं प्रोव्हिजनल लायसन्स काढून ठेव, ऑनलाइन ३४ पौंड. गाडी शिकलीस नाही तरी दारात उपयोगी पडतं.

तिरकस आंबा

ठीक आहे, माघार. मी गावाबाहेर ऑफिसपार्कजवळ राहत होतो आणि गाडी नव्हती. गॅसच्या दिव्यांचं खरंच माहीत नव्हतं. नोव्हेंबरात फिल्म फेस्टिव्हल असतो तेव्हा मी एकदा गेलो होतो, पण मल्टिप्लेक्समधल्या शोला. आता चुटपुट लागली.

कृष्णाकाठची

जाऊन आले!

गॅलरीत ग्रिमशॉ होता. दारातल्या मावशींना विचारलं तर त्या स्वतः उठून दाखवायला आल्या. म्हणाल्या, माझी आजी या रस्त्यावर राहायची, आणि चित्रातल्या एका काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. मला काही तिथे घर दिसलं नाही, पण मी या वेळी नीट ऐकलं होतं, त्यामुळे 'लव्हली' योग्य जागी म्हटलं गेलं. तिरकं उभं राहून बघितलं. हिरवट खरंच आहे, चंद्राच्या खाली, झाडाच्या फांद्यांच्या कडेला.

पार्क रोवर दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं थांबले. एका माणसाला वाटलं मी हरवले.

पिक्चर हाउसला साडेसहाचा शो. पडदा एक, बाल्कनी, दुसरी रांग. आत एकूण बारा-तेरा माणसं, त्यातली सात एकटी. मी मोजली. दिवे बंद झाले आणि मी वाट बघत होते की आता पूर्ण अंधार होईल, तर झालाच नाही. भिंतीवर ते छोटे दिवे तसेच. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेला माझा कोट दिसत होता, कोटाची बटणंसुद्धा. सिनेमा थोडा कंटाळवाणा होता. पण घरी आजीकडे लाइट गेले की चिमणी लावून आम्ही जेवायचो, तेव्हा ताटातली आमटी दिसायची त्या रंगाच्या सगळ्या भिंती होत्या. दादा, परीक्षकांचं बरोबर होतं, पिवळटच आहे.

परत चालत आले, पावणेनऊला. ब्रुडनेल रोडवर दोन दुकानं उघडी होती, पोरंपोरी हिंडत होती, भीती वाटली नाही. उद्या बुधवार. ब्रुडनेल क्लबमध्ये कुठलातरी तीन पोरांचा बँड आहे, नाव उच्चारता येत नाही. कानातले बोळे औषधाच्या दुकानात मिळतात का, की वॉर्डातून आणू?

पिटातला

वॉर्डातले आण. आणि डिसेंबरच्या पँटोची तिकिटं मी उद्या काढतोय, वरच्या मजल्यावर, कडेच्या जागा. तुझं एक धरू का? बायको म्हणतेय, आता कुजबुजायला दुसरं कुणीतरी मिळालं तर बरं.